खोडरबराचे राज्य

माझ्या वर्गात खोडरबराला बंदी आहे. दहावीनंतर चित्रकलेची पदविका घेऊन मी शाळेत चिकटलो, त्याला आता वीस-बावीस वर्षे होतील. एवढ्या काळात माझा हा एकच नियम मोडलेला नाही. पोरगा बादली काढायला बसतो, कड वाकडी जाते, आणि लगेच त्याचा हात कंपासपेटीकडे वळतो. मी तो हात धरतो. "वाकडी रेघ राहू दे," मी सांगतो, "तिच्या शेजारीच सरळ काढ." दोन्ही रेघा शेजारी शेजारी राहिल्या की डोळ्याला फरक कळतो आणि पुढच्या वेळी हात आपोआप सुधारतो. खोडत बसणाऱ्या मुलाचे काय होते? कागदाला आधी लव येते, मग भोक पडते, आणि शेवटी त्या मुलाला रेघ काढायचीच भीती वाटू लागते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की पालक तक्रार घेऊन येतात, "सर, कागद फार घाण दिसतो हो!" मी म्हणतो, दिसू द्या. शिकणाऱ्याचा कागद स्वच्छ कसा दिसेल?

असा हा तत्त्वनिष्ठ मास्तर! आणि या तत्त्वनिष्ठ मास्तराने स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीच्या हातात, आपण होऊन खोडरबर ठेवला. ही हकीगत सांगितल्यावाचून मला पुढे लिहिण्याचा अधिकार नाही.

गोष्ट २०२५ च्या जूनमधली. आमच्या चौकात एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. पुण्यात राहणाऱ्यांना त्याचे वर्णन करून सांगायला नको. मध्ये दादा, भोवती चाळीस शुभेच्छुकांची डोकी, आणि एकूण आकार असा की मागची दुमजली इमारत झाकून जावी. त्या फ्लेक्सच्या पाठीमागे एक बहावा आहे. माझ्या मुलीने चित्र काढले : बहावा हात जोडून फ्लेक्सला विनवतो आहे की, दादा, जरा सरकता का, ऊन खायचे आहे. चित्र झकास होते. झाडाच्या बुंध्याची अजिजी तिने अशी पकडली होती की बापाला मत्सर वाटावा! तिने फोनवर त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, "बाबा, टाकते हं इन्स्टाग्रामवर."

स्वयंपाकघरातून तिची आई बाहेर आली. हाताला कणीक तशीच होती. "अहो, तिला सांगा काहीतरी. पुढच्या वर्षी कॉलेजात प्रवेश घ्यायचाय. आपल्याला काय करायचंय?" आमच्या मातोश्री जपमाळ थांबवून म्हणाल्या, "खरंच गं बाई, नसतं लचांड कशाला?" दोघींनी माझ्याकडे पाहिले, मुलीनेही पाहिले. आणि मी काय बोललो? "छान आहे. पण वहीतच राहू दे."

त्या पोरीने वाद घातला नाही. घातला असता तर बरे झाले असते. तिने वही मिटली आणि आत निघून गेली.

आता वाचक म्हणतील, झाडाच्या एका चित्रावर कोण पोलीस येतात? पण माझ्या बायकोची भीती हवेतून आलेली नव्हती. त्याच्या महिनाभर आधी, ७ मे २०२५ रोजी, पाकिस्तानातील अतिरेक्यांच्या तळांवर भारताने कारवाई केली, त्या वेळी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्या कोणाचा तरी सरकारविरोधी मजकूर पुढे धाडला. थोड्याच वेळात तिला आपली चूक उमगली. तिने तो काढून टाकला आणि क्षमा मागितली. तरीही ९ मे रोजी कॉलेजने तिला काढून टाकले, पोलिसांनी तिच्यावर गुन्हा नोंदवून अटक केली, आणि ती पोर येरवड्याच्या तुरुंगात गेली. तिच्या वर्गमैत्रिणी परीक्षेचे पेपर लिहीत होत्या तेव्हा ही कोठडीत होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडण्याचा हुकूम दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला, आणि एका विद्यार्थिनीला गुन्हेगार बनवायला निघालेल्या सरकारची व कॉलेजची कडक शब्दांत कानउघाडणी केली. स्वतःची बाजू मांडण्याची संधीही कॉलेजने तिला दिली नव्हती.

त्या मुलीने पुढे धाडलेला मजकूर मला पटत नाही. सैनिक सीमेवर असताना असले काही लिहिणे मला आवडत नाही, हे मी सरळ सांगतो. पण मला न आवडणे आणि तिने येरवड्यात जाणे यांचा संबंध काय? एकोणीस वर्षांची पोर चुकली तर मास्तर काय करतो? बोलावून घेतो. विचारतो, हे का लिहिलेस, कोणाचे वाचून लिहिलेस. दोन शब्द सुनावतो, दोन तिचे ऐकतो. शिक्षणसंस्था म्हणून जी काही चीज असते ती याच कामासाठी असते. इथे तर मुलीने स्वतःच वाकडी रेघ ओळखली होती आणि स्वतःच शेजारी सरळ रेघ काढली होती. एवढे झाल्यावरही ज्यांना कागदावरून मुलगीच खोडून टाकावीशी वाटली, त्यांनी आपल्या दारावरची 'विद्या' ही अक्षरे उतरवून ठेवावीत.

गंमत पुढे आहे. त्याच मे महिन्याच्या अखेरीस पुण्यातच कायदा शिकणाऱ्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीला अटक झाली. हिचे बोलणे नेमके उलट्या बाजूचे होते. मुसलमानांच्या भावना दुखावतील अशी चित्रफीत तिने टाकली होती. तिनेही ती काढली होती आणि माफी मागितली होती. तिला धरायला कोलकात्याचे पोलीस थेट गुरुग्रामपर्यंत गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला अंतरिम जामीन दिला.

माझ्या ओळखीत असे महाभाग आहेत की ज्यांनी पहिलीच्या अटकेला टाळ्या वाजवल्या आणि दुसरीच्या अटकेनंतर 'कुठे गेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य!' म्हणून ऊर बडवला. याच्या नेमके उलट करणारेही आहेत, आणि ते स्वतःला पहिल्यांपेक्षा शहाणे समजतात. दोघांनाही खोडरबर हवाच आहे. भांडण एवढेच की तो कोणाच्या मुठीत असावा. पण बाबांनो, हा खोडरबर दर पाच वर्षांनी मूठ बदलतो, आणि राज्य बदलले की आपलीच वही आपल्यापुढे उघडली जाते. पुण्यातल्या दोन पोरी, एक डावीकडची, एक उजवीकडची, एकाच महिन्यात गजाआड गेल्या, हे पाहूनही ज्याला हे कळत नाही त्याला काय सांगावे!

दुसरे कोणते गाव असते तर एक वेळ समजूत घालता आली असती. पण हे पुणे आहे. नारायण पेठेतला वाडा आम्ही पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. अग्रलेख लिहिले म्हणून १८९७ मध्ये टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ मध्ये पुन्हा लिहिले म्हणून सहा वर्षे मंडाले झाले. त्याच साली 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे तुरुंगात गेले. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तला कीचक कोण, हे प्रेक्षकांना कळते असे दिसताच १९१० मध्ये सरकारने नाटकच बंद केले. दर १ ऑगस्टला आमच्या शाळेत मुले टिळकांवर भाषणे करतात, शेंगांची टरफले न उचलल्याची गोष्ट सांगतात, आणि आम्ही टाळ्या वाजवतो. मग त्याच मुलांनी खरोखर एखादे टरफल उचलायला नकार दिला की आम्हाला घाम फुटतो!

ज्या १२४-अ कलमाखाली टिळकांवर खटले चालले ते कलम स्वतंत्र भारताने पंचाहत्तर वर्षे जपून ठेवले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, त्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही. मात्र देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी १५२ वे कलम आले, आणि त्यात बोलणे, लिहिणे, खुणा करणे इतकेच काय, इलेक्ट्रॉनिक संदेशही आला. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असे आपण म्हणतो. इथे उलटे झाले. नाव सौम्य झाले, वाळा मात्र लोखंडाचा निघाला.

अर्थात सगळे खापर सरकारच्या डोक्यावर फोडून आम्ही पुणेकर मोकळे होऊ पाहू, तर तेही खरे नाही. १९७२ च्या डिसेंबरात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' उभे राहिले. ते थांबवायला गोरा साहेब आला नव्हता, की सचिवालयातून हुकूम सुटला नव्हता. नाना फडणविसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून गावात गहजब झाला, आणि ज्या संस्थेने नाटक केले तिनेच प्रयोग बंद केले. त्या पोरांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली म्हणून ते नाटक जगले. १९८० मध्ये ते युरोपला निघाले तेव्हाही विरोध झालाच. पुढे ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. शिवाजी महाराजांवरचे पुस्तक लिहिणारा अमेरिकेत बसलेला. फुटली ती आमच्याच पुण्यातली कपाटे, विस्कटल्या त्या आमच्याच पूर्वजांनी जपलेल्या पोथ्या! सरकारने हल्ला करणाऱ्यांपेक्षा पुस्तकाची अधिक धास्ती घेतली आणि त्यावर बंदी घातली. ती बंदी २००७ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. ते पुस्तक मला स्वतःला संतापजनक वाटते. पण त्याला उत्तर देण्याची जागा त्याच भांडारकर संस्थेच्या वाचनालयात होती.

इंटरनेट आल्यापासून मात्र या खोडाखोडीला जो वेग आला आहे तो वेगळाच आहे. पूर्वी एखाद्याला गोत्यात यायचे तर निदान लेख लिहावा लागे, छापखाना शोधावा लागे. पालघरची गोष्ट आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबईत सारे व्यवहार बंद राहिले. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळींत विचारले की हा बंद कशासाठी. दुसरीने त्या ओळी आवडल्याची खूण केली. बस, एवढेच! दोघींना अटक झाली, आणि पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. एक बोट दाबल्याबद्दल अटक होऊ शकते हे महाराष्ट्राला त्या दिवशी समजले. त्याच वर्षी असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाखाली धरले होते. चित्रकलेचा मास्तर म्हणून ती बातमी मी दोनदा वाचली होती.

पालघरच्या अटकेसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-अ हे कलम वापरले होते. 'त्रासदायक', 'गैरसोयीचे' असे काही संगणकावरून पाठवणे हा त्यात गुन्हा होता. त्रासदायक! माझे अर्धे विद्यार्थी आणि सगळे नातेवाईक त्यात बसले असते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आणि त्यानंतर काय झाले असेल? ठिकठिकाणचे पोलीस त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवीतच राहिले. शेवटी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की, अहो, ते कलम आता नाही!

माझे एक स्नेही आहेत, निवृत्त हेडमास्तर. मी असे काही बोलू लागलो की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "मास्तर, तुमची टिळकभक्ती ठीक आहे. पण रोज सकाळी या व्हॉट्सअॅपवर जे येतं त्याचं काय करायचं? माणसं मेली ना?"

मेली, आणि हा प्रश्न हसून उडवण्याजोगा नाही. २ जून २०१४ रोजी आमच्या हडपसरात एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. फेसबुकवर कोणीतरी थोर पुरुषांची विटंबना करणारी चित्रे टाकली होती. त्या चित्रांशी त्या मुलाचा काडीचाही संबंध नव्हता. तो नमाजाहून परतत होता, एवढेच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले, आणि मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून फिरत होती म्हणून गावाने त्यांना ठेचून मारले. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस मला दारावर कोणी भिक्षेकरी आला की नजर वर करवत नव्हती.

तेव्हा हेडमास्तरांचा प्रश्न खरा आहे, त्यांचे औषध मात्र खोटे आहे. कोणी 'अमक्याला मारा' असे लिहिले तर त्याला धरा; त्यासाठी पूर्वीपासून कायदे आहेत आणि माझी त्याविरुद्ध तक्रार नाही. पण हडपसरचे पुढे काय झाले? २०२३ मध्ये न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. पुरावा पुरेसा नव्हता असे न्यायालयाला वाटले असेल, तर तो निकाल मी मानतो. पण पुरावा गोळा करणे हे कोणाचे काम होते? मजकूर पुढे धाडणारी मुलगी दोन दिवसांत सापडते, आणि रस्त्यावर सर्वांदेखत झालेल्या खुनाचा खुनी नऊ वर्षांत सापडत नाही, हा इंटरनेटचा दोष म्हणायचा काय? जिथे काठी उगारायची तिथे हात लटपटतो, आणि जिथे कान धरायचा तिथे बेडी निघते. नवे कायदे करून ही खोड जाणार नाही. ढेकणांसाठी घर जाळून ढेकूण मात्र शेजारच्या घरात नांदत राहावेत, तसला हा प्रकार आहे.

'खोटे ते काढून टाकावे' हे वाक्य ऐकायला किती गोड वाटते! केंद्र सरकारने २०२३ मध्ये नेमके हेच नियमात घातले. सरकारच्या कारभाराविषयी इंटरनेटवर जे लिहिले जाईल त्यातले खरे कोणते आणि खोटे कोणते हे सरकारनेच नेमलेला विभाग ठरवणार, आणि तो खोटे म्हणेल ते ठेवणाऱ्या कंपनीचे कायद्याचे संरक्षण जाणार. उंदराला मांजर साक्ष! विनोदकार कुणाल कामरा, संपादकांची संस्था वगैरे मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली. मग सप्टेंबरात न्यायमूर्ती चांदूरकरांनी आपले मत दिले आणि तो नियम रद्द झाला. आमच्याच मुंबईच्या न्यायालयाने हे केले, याचा मला अभिमान वाटतो. पण असल्या नियमाचा मसुदा लिहिताना कोणाचाही हात अडखळला नाही, याचे भय त्याहून मोठे आहे.

आणि जे खोडले जाते ते आपल्याला कळते तरी का? इंग्रज पुस्तक जप्त करी तेव्हा सरकारी गॅझेटात तसे छापी. टिळकांना त्याने शिक्षा दिली, पण उघड्या कोर्टात दिली. टिळकांनी दिवसच्या दिवस उभे राहून आपला बचाव स्वतः केला आणि तो अवघ्या हिंदुस्थानाने वाचला. आज कायद्याच्या ६९-अ कलमाखाली एखादे पान बंद होते तेव्हा २००९ च्या नियमांप्रमाणे तक्रार आणि कारवाई दोन्ही गुप्त ठेवायच्या असतात. लिहिणाऱ्याला पुष्कळदा एवढेच दिसते की काल होते ते आज नाही. परक्या सरकारने जी लाज पाळली ती आपल्या सरकारला जड का व्हावी? मी काही आकाशातले चांदणे मागत नाही. खोडायचे तर कोणी खोडले त्याची सही असू द्या, का खोडले ते लिहा, लिहिणाऱ्याला आधी विचारा, आणि तो हुकूम चारचौघांना वाचू द्या. इंटरनेट बंद करण्याचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच सांगितले आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात कोणा पोरांच्या मोबाइलवरील स्टेटसवरून दंगा उसळला आणि साऱ्या जिल्ह्याचे इंटरनेट बंद झाले. वर्गात एकाने खोडी काढली म्हणून सगळ्या शाळेच्या पाट्या काढून घेणारा मास्तर मी तरी पाहिलेला नाही.

आता आमच्या शिक्षकखोलीचेही ऐका. २८ जुलै २०२५ रोजी राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढले. राज्याच्या वा केंद्राच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, असे त्यात आहे. हे आम्हा अनुदानित शाळांतल्या मास्तरांना लागू की नाही यावर मधल्या सुट्टीत रण माजले. भूगोलाचे सर म्हणाले, लागू. गणिताच्या बाई म्हणाल्या, अर्थ तपासून पाहू. तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे तासाला गेले. संध्याकाळी मी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर पाहिले. एरवी रोज नव्या पुस्तकांवरून, परीक्षांच्या तारखांवरून, तिसऱ्या भाषेवरून तावातावाने भांडणारी ती सत्तर माणसे! त्या दिवसापासून गटावर सुप्रभात, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फुलांच्या कुंड्या येतात. तो नियम आम्हाला लागू आहे की नाही, हे अजून कोणी तपासलेले नाही. तपासायची गरज कुठे आहे? काम झाले.

त्या कुंड्या पाहूनच मला माझ्या मुलीची वही आठवली. सरकारवर, कॉलेजांवर, पुणेकरांवर मी एवढे तोंड सोडले, पण तिच्या चित्राला कोणत्या हुकमाने अडवले होते? कणकेने भरलेल्या हाताने, जपमाळेने, आणि माझ्या 'छान आहे, पण'ने.

म्हणून हा लेख लिहायला घेण्याआधी मी तिच्या खोलीत गेलो आणि म्हटले, "ते बहाव्याचं चित्र दे. मासिकाला लेखासोबत पाठवतो, तुझ्या नावासकट." तिची आई दारात उभी होती, ती या वेळी काही बोलली नाही.

"ते फाडलं मी," मुलगी म्हणाली. "तेव्हाच."

"मग पुन्हा काढ."

तिने थोडे आढेवेढे घेतले, कॉलेजच्या सबमिशनचे निमित्त सांगितले, आणि चार दिवसांनी नवे चित्र माझ्या टेबलावर आणून ठेवले. ते आता माझ्यासमोर आहे. बहावा पूर्वीपेक्षाही चांगला उतरला आहे. फांद्यांच्या जोडलेल्या हातांत आर्जव आहे, खाली पडलेली पिवळी फुलेही तिने या वेळी काढली आहेत. फ्लेक्स मात्र लहान झाला आहे, आणि त्यावरच्या माणसाला चेहरा नाही.